पाण्याच्या वाटेतली हवा



या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय चालतात. आज आम्ही मात्र आपल्यासमोर एक बुडबुडा घेऊन उभे आहोत. बुडबुडा म्हटला की आपल्याकडे क्षणभंगुरतेची आठवण होते. कीर्तनकारांनी आणि प्रवचनकारांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला जुंपले आहे. परंतु नळीत अडकलेला बुडबुडा मुळीच क्षणभंगुर नसतो. तो दिवसच्या दिवस जागा सोडीत नाही. केळीच्या बागेला पाणी पोचू देत नाही, आणि हल्ली तर तो मुलांच्या संगणकातही जाऊन बसला आहे.

संगणकात पाणी कशाला, असे आपल्यापैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या खानदेशाच्या उन्हाळ्यातच आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. संगणकाचा गणित करणारा भाग असतो नखाएवढा. पण चित्रपटाची जुळणी किंवा मोठा खेळ चालू असला, तर तो शंभर-दोनशे वॅटच्या दिव्याइतका तापतो. पंख्याने त्याच्यावर वारा घालायचा, तर खोलीतला वाराच तापलेला. सबब काही मंडळी मोटारीची युक्ती संगणकाला लावतात. तापणाऱ्या भागावर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा, त्याच्या बारीक खाचांतून पाणी फिरवायचे, आणि ते पाणी रेडिएटरमध्ये नेऊन पंख्याने निववायचे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही तापणाऱ्या भागापर्यंत थेट द्रव नेऊन उष्णता काढून घेण्याची योजना आहे. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक सहजतेने उष्णता वाहते, हे यामागचे साधे कारण.

आता याच वाक्याची दुसरी बाजू पाहा. तांब्याच्या खाचेत पाण्याऐवजी हवा बसली, तर तेवढ्या जागी उष्णतेची वाट बंद झाली. पंपात हवा शिरली, तर त्याचे पाते पाणी ढकलण्याऐवजी नुसते फिरते. आणि या छोट्या पंपांच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच असल्यामुळे पंप कोरडा फिरून झिजतो. आपले मिस्त्री म्हणतात, ‘पंपाने हवा धरली’. डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन हवा धरते, विहिरीवरचा पंप हवा धरतो, गच्चीवरच्या सौर बंबाची नळी हवा धरते. रोग एकच, देह तेवढे निरनिराळे.

ही हवा येते कोठून? पहिली वाट उघड आहे. रिकामी नळी रिकामी नसतेच. ती हवेने भरलेली असते. पाणी घाईने सोडले, की हवेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. दुसरी वाट फटीची. पंपाच्या ओढीच्या बाजूला जोड सैल असला, तर तेथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गळती डोळ्यांना दिसत नाही. तिसरी वाट फार थोड्यांच्या ध्यानात येते. हवा पाण्यात विरघळलेलीच असते. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९ मिलिलिटर हवा मावते. ४० अंशांना सुमारे १४. उरलेली बाहेर पडते. चहाचे आधण उकळण्यापूर्वीच पातेल्याच्या तळाशी जे बारीक मणी दिसतात, ते हेच. विहिरीचे गार पाणी उन्हात पडलेल्या काळ्या नळीत तापले, की तेथेही हेच घडते.

ही हवा जाऊन बसते कोठे? जेथे उंचवटा असेल तेथे. गाळ खोलगट जागा शोधतो, हवा उंच जागा शोधते. आमच्या आजच्या व्याख्यानातील निम्मे शास्त्र या एका वाक्यात आले.

आपले जुने पाट याबाबतीत सुखी होते. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे घालून, पाटाने पाणी फिरवून, गावाने वाटून घेण्याची फडपद्धती शतकानुशतके चालत आली. पाट वरून उघडा. त्यात हवा अडकण्याचा प्रश्नच नव्हता. याच पांझरेच्या एका पाटासाठी नळांचे सायफन बांधण्याचे काम १८८४ सालच्या सुमारास मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण असिस्टंट इंजिनिअराकडे आले होते. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे १९५५ साली ते ‘भारतरत्न’ झाले. पाट अडथळ्याखालून नेणारे असे सायफन म्हणजे पोट खाली, दोन्ही तोंडे वर. त्यात शिरलेल्या हवेला वर जायला दोन वाटा आपोआप मिळतात. पोटात साचतो तो गाळ. टेकाडावरून नेलेला नळ म्हणजे नेमके याच्या उलट. त्याची पाठ वर, तोंडे खाली. त्या पाठीवर हवा बसली, की तिला उठवणारा कोणी नाही.

तिची किंमत किती पडते, हे एका उदाहरणाने पाहू. पंप ३० मीटर उंच पाणी चढवू शकतो आणि शेत आहे २२ मीटर उंचीवर. आठ मीटर हाताशी उरले. काम सुखाने व्हावे. पण वाटेत तीन टेकाडे आहेत, आणि प्रत्येक टेकाडाच्या पलीकडल्या उतारावर तीन-तीन मीटर उंचीची हवा अडकली आहे. अलीकडची चढण पंपाला चढावी लागते. पलीकडे उतरणाऱ्या पाण्याची जी मदत मिळायची, ती हवेमुळे मिळत नाही. तीन त्रिक नऊ. बावीस आणि नऊ एकतीस. पंपाचे बळ तीस! पंप घोंघावतो, वीज जळते, मीटर फिरते, आणि शेतात पाण्याचा थेंब नाही.

येथे शेतकरी काय करतो? तो मोटारीला दोष देतो. साडेसातची काढून दहा अश्वशक्तीची बसवतो. कधी ती हवेला रेटून नेतेही. पण दुसऱ्या दिवशी नळ रिकामा झालेला असतो आणि हवा पुन्हा आपल्या जागी हजर असते. शिवाय वाढलेल्या दाबाने जोड उखडतात. ज्याला तीन फेजची वीज ठरावीक तासच मिळते, त्याचा एक तास रोज हवेशी झगडण्यात गेला, तर रावेर-यावलच्या बागेत ऐन वैशाखात काय होते, हे आपल्याला सांगायला नको. घड निसवायच्या वेळी पाण्याचा ताण पडलेली केळ पुढे कितीही पाणी दिले तरी ते नुकसान भरून देत नाही.

उपाय मोटारीहून फार स्वस्त आहे. नळाच्या प्रत्येक उंचवट्यावर एक एअर व्हॉल्व्ह बसवावा. त्याच्या पोटात एक तरंगता गोळा असतो. पाणी आले की गोळा वर उचलला जाऊन भोक बंद करतो. हवा साचली की गोळा खाली येतो, भोक उघडते, हवा निघून जाते. त्याला पगार नाही, वीज नाही. योग्य जातीचा व्हॉल्व्ह उलट कामही करतो. पंप बंद पडून पाणी उताराने पळू लागले, की नळात पोकळी होते. त्या वेळी तो बाहेरची हवा आत घेतो. तसे झाले नाही, तर ठिबकच्या तोट्या भोवतालचा चिखल आत ओढून घेतात आणि बुजतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भवरलाल जैन यांनी जळगावात ठिबक सिंचनाचा उद्योग उभा केला. त्या नळ्या आज बांधाबांधावर दिसतात. पण नळी घेताना जो भाव करतो, तो व्हॉल्व्हची चौकशी करतोच असे नाही.

दुसरा उपाय सावकाशीचा. रिकामा नळ भरताना पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे एक फूट असावा, असा इंजिनिअरांचा संकेत आहे. या वेगाने एक किलोमीटर नळ भरायला पाऊण-एक तास लागतो. एवढा वेळ रोज कोठून आणायचा? म्हणून तिसरा उपाय: पंपाजवळ पाणी मागे न जाऊ देणारी झडप चांगली ठेवावी आणि नळ रोज रिकामा होऊच देऊ नये. आणि एक इशारा. दाबलेली हवा म्हणजे दाबलेली स्प्रिंग. पंप चालू असताना व्हॉल्व्ह पान्याने उपटू नये. पंप बंद करून, दाब उतरवून मगच हात लावावा.

आता संगणकाकडे परत येऊ. तेथे टेकाड नाही, पण नियम तोच. पाण्याची टाकी सगळ्यांत उंच ठेवावी आणि पंप तिच्या खाली, म्हणजे तो कोरडा पडणार नाही. पाणी शुद्ध ऊर्ध्वपातित घ्यावे आणि त्यात गंज रोखणारे औषध घालावे. नळाचे घेऊ नये. भरताना केवळ पंपाला वीज द्यावी, बाकीचा संगणक बंद ठेवावा, आणि प्रत्येक जोडाखाली कागद पसरावा, म्हणजे ओल लगेच दिसेल. टाकी भरावी, पंप थोडा वेळ चालवावा, पातळी उतरली की बंद करावा, पुन्हा भरावे. मधूनमधून सबंध पेटी हलक्या हाताने पुढे, मागे, कुशीवर कलवावी. रेडिएटरच्या कोपऱ्यांत दडलेली हवा अशीच निघते. मग टाकीचे झाकण सैल ठेवून पंप काही तास चालू द्यावा. बारीक बुडबुड्यांना वर यायला वेळ लागतो. कारखान्यातूनच बंद होऊन येणारी तयार व्यवस्था घेतली, तर ती उघडता येत नाही. तेथे रेडिएटरचे वरचे टोक पंपाहून उंच राहील अशी मांडणी करावी, म्हणजे हवा पंपात न शिरता तेथे वर जाऊन बसेल. आतून गुळगुळ आवाज येत राहिला, तर मांडणी चुकली असे समजावे.

श्रोतेहो, बागेतला नळ असो की मुलाच्या टेबलावरची नळी, हवेशी शक्तीने भांडून उपयोग नाही. ती कोठे जाऊन बसली आहे ते ओळखावे आणि तेथे तिला एक लहानसे दार ठेवावे. उद्या आपल्या शेतातले पाणी पोचेनासे झाले, तर मोटारीच्या दुकानात जाण्यापूर्वी एकदा नळाच्या बाजूने पायी चालत जा. जेथे चढ संपून उतार लागतो, तेथे थांबा, आणि त्या जागी व्हॉल्व्ह आहे की नाही, असला तर चालतो की नाही, ते पाहा.