कापसाची ट्रॉली : पिन, साखळी आणि देखभाल



दसरा झाला की वऱ्हाडात वेचणीला जोर येतो आणि अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या बाजाराकडे कापसाच्या ट्रॉल्या निघतात. ट्रॅक्टरचे ऑइल आपण आठवणीने बदलतो, ट्रॉलीकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. रिकाम्या ट्रॉलीचे वजन दीड टन आणि आत २० क्विंटल कापूस धरला, तर साडेतीन टनांचा हा भार ट्रॅक्टरला एका पिनने जोडलेला असतो. खड्ड्यात पिन उसळली किंवा तुटली, की दांडा रस्त्यावर आपटतो आणि सुटलेली ट्रॉली समोरच्या वाहनावर जाऊ शकते. अशा वेळी धरून ठेवणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे सुरक्षा साखळी.

साखळ्या दोन असाव्यात. एकेक साखळी भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाइतका ताण सोसणारी घ्यावी. गुरे बांधायची साखळी, तार किंवा दोर येथे चालत नाही. दांड्याच्या डाव्या बाजूची साखळी ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला आणि उजवीकडची डाव्या बाजूला, अशा दांड्याखालून फुलीसारख्या न्याव्यात. पिन सुटली तरी दांडा या झोळीत अडकतो, जमिनीत रुतत नाही. साखळी पिनलाच अडकवली तर पिनबरोबर तीही जाते, म्हणून ती ट्रॅक्टरच्या मजबूत सांगाड्याला बांधावी. हुकाला बंद होणारी जीभ हवी.

ढील किती ठेवावी? वळणापुरती. अंगणातच ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावा. साखळी ताणली जाऊ नये आणि जमिनीलाही लागू नये. रस्त्यावर घासणाऱ्या साखळीच्या ठिणग्या उडतात आणि मागे कापूस असतो, हे विसरू नये. लांबी कमी करण्यासाठी साखळीला पीळ देऊ नये, त्याने ती कमजोर होते. झिजलेली किंवा ताणलेली कडी वेल्डिंग करून न वापरता साखळीच बदलावी. पोळ्याला आपण बैलांना नवी वेसण आणि नवा कासरा घेतो, तेव्हा हा खर्च जड वाटण्याचे कारण नाही.

पिनच्या जागी जुना बोल्ट वापरू नये आणि पिनच्या खालच्या छिद्रात क्लिप असल्याशिवाय निघू नये. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर बंडीसारखीच ती उलाळ होते, दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. वजन आसाच्या किंचित पुढे राहील असे भरावे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. खालचा गिअर टाकावा. रस्त्यावर ब्रेकचे दोन्ही पेडल जोडलेले असावेत.

हंगामापूर्वी ट्रॉलीचे चाक जॅकवर उचलून हाताने हलवावे. खुळखुळले तर बेअरिंग तपासून नवे ग्रीस भरावे. पहिल्या फेरीत थोडे अंतर गेल्यावर थांबून चाकाच्या मध्याजवळ बेताने हात न्यावा. एक बाजू फार तापली असेल तर पुढे जाऊ नये. चाकाचे नट त्याच वेळी आवळावेत. बाहेर लोंबणाऱ्या ताडपत्रीने मागचे लाल दिवे झाकले जात नाहीत ना, तेही पाहावे.

ट्रॉली सोडताना आधी चाकांना दगड लावावेत, दांड्याखाली पक्का टेकू द्यावा, मग साखळी आणि शेवटी पिन काढावी. ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणालाही, विशेषतः घरातील मुलांना, उभे राहू देऊ नये.