अर्ग, वाळू आणि घाम

शाळेत ‘अर्ग’ शिकलो. कार्याचे चिमुकले एकक. एक कोटी अर्गचा एक ज्यूल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काम. पुढे भूगोलात वाचले, सहारातल्या वाळूच्या समुद्रालाही अर्गच म्हणतात; तो शब्द मात्र अरबी. त्याच तीन अरबी अक्षरांचा ‘अरक’ म्हणजे घाम. आपला बडीशेपेचा अर्क त्यातलाच.

माझे अब्बा भोसरीच्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरत. शंभर ग्रॅम वाळू मीटरभर उचलली, की सुमारे एक कोटी अर्ग कार्य होते. अब्बा दिवसभर घमेली उचलत. हजेरीपटावर मात्र फक्त दिवस मांडला जाई.

दोन्ही अर्ग कोशात वेगळे आहेत, ते बरोबरच. पण अम्मी अब्बांचा सदरा धुवायला घेई, तेव्हा काम, वाळू आणि घाम एकाच बादलीत उतरत.