जुना ट्यूनर सुरांत आणतांना

देगलूरसारख्या सीमेवरच्या गांवीं नभोवाणीवर कोणती भाषा कानीं पडावी, हें केवळ घरच्या मंडळींच्या आवडीवर अवलंबून नसतें. पुष्कळ अंशीं तें यंत्राच्या जुळवणीवर व एरियलच्या दिशेवर अवलंबून असतें. देगलूरच्या उत्तरेस, किंचित् पश्चिमेकडे, सरळ रेषेंत सुमारें ७० किलोमीटरांवर नांदेड आहे. आणि पूर्वेस सुमारें ५५ किलोमीटरांवर निजामाबाद. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली आणि मधून सीमा गेली. आज दोन्ही शहरीं आकाशवाणीचीं एफ्. एम्. केंद्रें आहेत. नांदेडचें १०१.१ मेगाहर्ट्‌झवर मराठींत बोलतें, निजामाबादचें १०३.२ वर तेलुगूंत. मराठी बोलणारें केंद्र दूरचें, तेव्हां तें नीट ऐकूं येण्यासाठीं यंत्र सुरांत असावें लागतें.

अशा एखाद्या घरीं परदेशाहून आलेला किंवा जुन्या बाजारांतून घेतलेला तीस-चाळीस वर्षांपूर्वींचा ट्यूनर असतो. ट्यूनर म्हणजे लाऊडस्पीकर नसलेला रेडिओ. लहर पकडावी, तिच्यांतला ध्वनि वेगळा करावा आणि तो अॅम्प्लिफायरच्या हवालीं करावा, एवढेंच त्याचें काम. त्यावर नांदेड खरखरत लागलें, किंवा मुळींच लागलें नाहीं, कीं "जुना झाला, मोडींत द्या" असा निकाल होतो. हा निकाल पुष्कळदां चुकीचा असतो. तो ट्यूनर बिघडलेला नसून दुसऱ्या देशासाठीं लावलेला असतो.

एफ्. एम्. पद्धतीचें मर्म थोडक्यांत असें. मध्यम लहरींवर ध्वनीप्रमाणें लहरीची उंची कमीजास्त होते. वीज चमकली कीं तीहि उंचींतच भर घालते. म्हणून वळवाच्या पावसाच्या दिवसांत मध्यम लहरींवरील गाणें कडकडाटानें फाटून जातें. अमेरिकेच्या एड्विन आर्मस्ट्रॉंग यांनीं उंची स्थिर ठेवून लहरीची कंपनसंख्या ध्वनीप्रमाणें हालविण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे हक्क त्यांना १९३३ सालीं मिळाले. भारतांत ही पद्धत प्रथम १९७७ सालीं मद्रास येथें सुरू झाली. आपल्याकडे तिला उशीर झाला, आणि म्हणूनच जुने ट्यूनर बहुधा परक्या मापाचे असतात.

पहिलें परकें माप पट्टीचें. जर्मनींतील १९५० ते १९७० या काळांतल्या पुष्कळ यंत्रांची पट्टी १०० मेगाहर्ट्‌झपाशीं संपते. जपानांत घरगुती विक्रीसाठीं केलेल्या यंत्रांची ९० पाशींच. १०१.१ वरील नांदेड तेथें सांपडणार कसें? जर्मन यंत्रांत यावर उपाय असतो. यंत्राच्या पोटांत एक लहान आंदोलक असतो. बहुतेक यंत्रांत तो येणाऱ्या लहरीपेक्षां १०.७ मेगाहर्ट्‌झ वरचा सूर धरतो. नांदेडसाठीं त्यानें १११.८ चा सूर धरिला पाहिजे. त्याच्या तारेच्या वेटोळ्याचे फेरे किंचित् विलग केले, किंवा शेजारचा ट्रिमर थोडा उघडला, म्हणजे सूर चढतो आणि पट्टीची मर्यादा पुढें सरकते. खालच्या टोकाचा थोडा भाग हातचा जातो खरा. पण तेथें जर कोणतेंच केंद्र ऐकूं येत नसेल, तर नुकसान कांहींच नाहीं. जपानी यंत्राला मात्र दहा मेगाहर्ट्‌झांहून अधिक उडी घ्यावी लागते. एवढ्या ओढाताणीनें पुढचीं मंडलें आंदोलकाची सोबत सोडतात. तें यंत्र आहे तसें ठेवणेंच बरें.

दुसरें परकें माप तीव्र स्वरांचें. केंद्रावर ध्वनि पाठवितांना तीव्र स्वर मुद्दाम उचलून पाठवितात आणि ट्यूनरमध्यें ते तितकेच खालीं आणतात; त्याबरोबर वाटेंत शिरलेली सरसरहि खालीं येते. हें उचलण्याचें प्रमाण अमेरिकेंत ७५ मायक्रोसेकंद, तर भारतांत व युरोपांत ५० मायक्रोसेकंद आहे. अमेरिकेसाठीं केलेला ट्यूनर येथें लावला, तर तीव्र स्वर नको तितके दाबले जातात. दहा हजार कंपनांपाशीं ही घट सुमारें ३ डेसिबलांची भरते. सतारीची जवारी बोथट वाटते, बोलण्यांतील 'स' आणि 'श' मलूल होतात. त्या ठिकाणचा कंडेन्सर दोन-तृतीयांश मूल्याचा घातला, उदाहरणार्थ ०.००१५ मायक्रोफॅरडऐवजीं ०.००१, कीं दोष जातो. स्टीरिओ यंत्रांत डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्याच बदलाव्या. साऱ्या दुरुस्तींत सर्वांत स्वस्त आणि कानाला सर्वांत लवकर जाणवणारी हीच.

तिसरी गोष्ट मात्र खरोखरीच वयाची आहे. वीजपुरवठ्यांतील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काळानें सुकतात आणि संगीतामागें मंद घुमघुम सुरू होते. ते त्याच मूल्याचे, त्याच किंवा अधिक व्होल्टचे घालावे. यंत्र व्हॉल्व्हचें असेल तर आंत दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असूं शकतो आणि तो स्विच बंद केल्यावरहि कंडेन्सरांत टिकतो. तेव्हां हें काम जाणत्याच्याच हातीं द्यावें.

आतां जुळवणीचा क्रम. तो मागून पुढें जातो. आधीं ध्वनि वेगळा करणारें मंडल व १०.७ ची साखळी, मग आंदोलक, आणि शेवटीं एरियलजवळचीं मंडलें. केंद्र सुईखालीं बरोबर मध्यभागीं आलें असतां ध्वनि वेगळा करणाऱ्या मंडलाचा मध्यदर्शक दाब शून्य असावा. सुई दोहों बाजूंस सारखी सरकविली तर ध्वनि सारखाच बिघडावा. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक नवा फेरा आधींचें काम मोडतो. वेटोळ्यांतील फेराइटचा गाभा ठिसूळ असतो. तो प्लास्टिकच्या पेचकसानें, आधीं मूळ जागेची खूण करून, अल्पस्वल्पच फिरवावा. लोखंडी पेचकसानें सूर तर बदलतोच, पण गाभा तडकला तर त्याच्या जोडीचा दुसरा मिळणें दुर्घट. पुष्कळ उत्तम ट्यूनर वयानें निकामी झालेले नसून "जरा फिरवून पाहूं" या एका वाक्यानें झालेले आहेत.

साखळींतील गाळण्याहि बदलण्याचा मोह होतो. रुंद गाळणीनें ध्वनि अधिक शुद्ध येतो, अरुंद गाळणीनें शेजारचें केंद्र दूर राहतें. देगलुरास नांदेड आणि निजामाबाद यांच्यांत २.१ मेगाहर्ट्‌झांचें अंतर असल्यानें त्या दोघांपुरती अरुंद गाळणीची गरज नाहीं. परंतु रुंद गाळणी क्षीण लहरीबरोबर सरसरहि अधिक आंत घेते. म्हणून आधीं लहर बळकट करावी, मग गाळणीचा विचार करावा.

लहर बळकट करण्याचा उपाय पेटीच्या बाहेर, छपरावर आहे. या लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेंत जातात. मनोरा १०० मीटर उंच आणि घरचें एरियल १० मीटरांवर धरलें, तर सपाट भूमीवर ही रेषा सुमारें ५४ किलोमीटरांवर संपते. त्यापलीकडे लहर पोंचते, पण क्षीण होऊन. खोलींत लोंबणाऱ्या तारेनें तिला कसें पकडावें? त्यापेक्षां सुमारें १४१ सेंटिमीटर लांबीचें, मध्यें दुभागलेलें आडवें एरियल छपरावर उभारावें. असें एरियल आपल्या अंगासमोरच्या लहरी घेतें आणि टोकांकडच्या जवळजवळ सोडून देतें. देगलुराहून नांदेड व निजामाबाद यांच्या दिशांत जवळजवळ काटकोन आहे. एरियलचें एक टोक निजामाबादकडे केलें कीं नांदेड आपोआप अंगासमोर येतें. तेलुगु कार्यक्रम ऐकावयाचा असेल तर तेंच एरियल काटकोनांत फिरवावें. एवढ्यानेंहि सरसर उरली, तर स्टीरिओचा खटका बंद करून एकेरी ध्वनि ऐकावा. क्षीण लहरीवर स्टीरिओमुळें सरसर २० डेसिबलांहून अधिक वाढते.

तेव्हां जुना ट्यूनर मोडींत देण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं तीन प्रश्न विचारावे. त्याची पट्टी १०१.१ च्या पुढें जाते काय? तो ५० मायक्रोसेकंदांच्या मापाचा आहे काय? आणि त्याला छपरावरचें एरियल कधीं मिळालें होतें काय? बहुतेक घरीं तिसऱ्याचें उत्तर 'नाहीं' असेंच येतें. खर्च तेथून सुरू करावा. पेटी त्यानंतर उघडावी, आणि पेचकस सर्वांत शेवटीं हातीं घ्यावा.