एका ‘फुस्स’ची गोष्ट



मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध म्हणाल तर गर्दीच्या एसटीत ड्रायव्हरशेजारच्या गरम बॉनेटवर बसून जव्हार-मोखाडा प्रवास करण्यापुरता. तेव्हा आज मी ‘डंप व्हॉल्व्ह’ नावाच्या मोटारीच्या एका सुट्या भागाविषयी बोलणार आहे, हे ऐकून तुमच्यापैकी काहींना स्टेशन बदलावंसं वाटेल. जरा थांबा. हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीनं माझ्या गळ्यात घातला. “भाईजान, तुम्ही शिकलेले आहात. या पोराला तुम्हीच काय ते सांगा,” असं म्हणून ती मोकळी झाली.

पोरगा म्हणजे माझा भाचा. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. शनिवारी जव्हारला येतो, रविवारी रात्री परत जातो. त्यानं जुनी, चार वर्षं वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी घेतली. हप्ते अजून तीन वर्षं चालायचे आहेत. आणि या गाडीला त्याला डंप व्हॉल्व्ह बसवायचा होता.

हा व्हॉल्व्ह दिसण्यासाठी कुणी घेत नाही, ऐकण्यासाठी घेतात. वेगात असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बॉनेटखालून जोरात ‘फुस्स’ असा आवाज येतो. रेसच्या गाड्यांचा येतो तसा. आमच्या लहानपणी असा आवाज जव्हारच्या एसटी स्टँडवर ऐकायला मिळायचा. गाडी थांबली, ड्रायव्हरनं ब्रेक सोडला की फुस्स! आम्ही पोरं दोन्ही गाल फुगवून तोच आवाज काढत गल्लीतून पळायचो. तो आवाज अर्थात एअर ब्रेकचा. ती हवा ब्रेकच्या टाकीतली असते, तिचा टर्बोशी काही संबंध नाही. पण आवाजाची हौस मात्र तेव्हाही हीच होती. त्यामुळं भाच्याला हसायचा मला फारसा अधिकार नाही.

हौसेचाच प्रश्न असता तर मी “बसव बाबा” म्हणून सुटलो असतो. पण त्याच्यामागे एक रात्र होती.

गेल्या श्रावणातला शनिवार. पाऊस लागलेला. शेजारच्या घरातली सून अवघडलेली, दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी नाशिकला हलवायला सांगितलं. अँब्युलन्स आधीच दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. अशा वेळी गल्लीत ज्याच्या दारात गाडी, त्याचं दार वाजतं. भाचा निघाला, सोबत मी. मागच्या सीटवर ती मुलगी, तिची सासू आणि एक थर्मास. जव्हारहून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मोखाड्यापर्यंत ठीक गेलो. तोरंगण घाटाच्या चढाला मात्र गाडी बसली. बंद पडली नाही. नुसता दम तुटला. भाच्यानं पाय पार खाली दाबला तरी वेग वाढेना. दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत चाललो होतो. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता, काळा धूर त्याच्या दिव्यांत दिसत होता. आणि बॉनेटखालून बारीक, सलग ‘सूंऽऽ’ असा आवाज येत होता. मागच्या सीटवरून प्रत्येक कळेला येणारा आवाज मी सांगत नाही. त्र्यंबकला पोचेपर्यंत गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

पोचलो. पहाटे मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. पण भाच्याच्या मनातून तो घाट जाईना. पुढच्याच आठवड्यात तो गाड्यांच्या अॅक्सेसरीज विकणाऱ्या एका दुकानात गेला. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि निदान केलं, “हवा अडकतेय. डंप व्हॉल्व्ह टाक. मोकळी होईल, पिकअप वाढेल.” मोबाइलवर आवाजही ऐकवला. पोरगं खूष. गरजही भागणार आणि हौसही.

मग मी काय केलं? शिकलेला माणूस जे करतो तेच. चार लोकांना विचारलं, दोन पुस्तकं चाळली, आणि बहिणीच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिलो.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाचा भाता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जळतं आणि छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढतं. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, त्याचं पेटंट १९०५ सालचं. पहिल्या महायुद्धात विमानांना तिची गरज पडली, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. १९१८ साली सॅनफर्ड मॉस नावाचा अमेरिकन इंजिनिअर विमानाचं इंजिन घेऊन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर चढला आणि टर्बोची परीक्षा त्यानं तिथं घेतली. आपलं जव्हार दीड हजार फुटांवर. पण यंत्र मुळात चढासाठी जन्मलं, हे वाचून मला बरं वाटलं.

आता व्हॉल्व्ह. गाडीच्या चाकात आपण बत्तीस-तेहतीस पॉइंट हवा भरतो. टर्बो जोरात असताना त्याच्या नळीत साधारण चौदा-पंधरा पॉइंट दाब असतो, गाडीप्रमाणे कमी-जास्त. पेट्रोल गाडीत पाय काढला की इंजिनाच्या तोंडाशी असलेली थ्रॉटलची झडप मिटते. टर्बोचा पंखा मात्र लगेच थांबत नाही, तो हवा ढकलतच राहतो. ती हवा बंद दारावर आपटते आणि मागे पंख्यावरच येते. रोज असं होत राहिलं तर पंख्याला आणि त्याच्या बेअरिंगला ते सोसत नाही. म्हणून या हवेला वाट हवी, हे खरं आहे. दुकानदार त्यात खोटं बोलत नव्हता.

पण ती वाट कंपनीनं आधीच ठेवलेली असते! हल्लीच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत बहुधा टर्बोलाच एक झडप जोडलेली असते. पाय काढला की ती उघडते आणि जादा हवा वळवून टर्बोच्या आधीच्या नळीत परत सोडते. हवा घरातल्या घरात फिरते, म्हणून आवाज येत नाही. बाहेरून बसवायचा डंप व्हॉल्व्ह हेच काम करतो, फक्त हवा उघड्यावर फेकतो. पैसे मोजायचे ते त्या आवाजाचे.

आणि पिकअप? ही झडप उघडते केव्हा, तर आपण पाय काढतो तेव्हा. म्हणजे ज्या क्षणी आपण गाडीकडे ताकद मागतच नाही, त्या क्षणी. चढावर पाय दाबलेला असताना ती मिटलेलीच असली पाहिजे. मग तिनं चढावर ओढ वाढेल कशी? हा प्रश्न मी भाच्याला विचारला, तेव्हा तो प्रथमच गप्प झाला.

दुसरी भानगड हिशेबाची. पुष्कळ गाड्यांत हवा आत शिरते तिथंच एक सेन्सर ती मोजतो आणि तेवढ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल सोडलं जातं. आता आश्रमशाळेतली खिचडी आठवा. सकाळी हजेरी मोजून तांदूळ शिजवले आणि जेवायच्या वेळी निम्मी पोरं मागच्या कुंपणावरून पळाली, तर? इथंही तसंच. मोजलेली हवा बाहेर फेकली, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबानं आलं. मग गाडी क्षणभर अडखळते, काळा धूर सोडते, आणि हे वरचेवर झालं तर प्लग काळे पडतात, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो. काही गाड्यांत सेन्सर हवा मोजत नाही, थ्रॉटलच्या पलीकडचा दाब मोजतो. त्यांचा हिशेब इतका बिघडत नाही, हेही सांगायला हवं. भाच्याची गाडी हवा मोजणाऱ्यांतली निघाली.

काळा धूर म्हटल्यावर मला तोरंगणचा ट्रक आठवला. त्याच्या दिव्यांत दिसलेला धूर काळाच होता. आणि तो ‘सूंऽऽ’ आवाज पाय काढल्यावर येत नव्हता, पाय दाबल्यावर येत होता.

आम्ही गाडी आमच्या ओळखीच्या एका वयस्क मेस्त्रींकडे नेली. त्यांनी भाच्याला आत बसवून रेस करायला सांगितलं, स्वतः कान बॉनेटखाली घातला. मग साबणाचं पाणी आणवलं. टर्बोकडून निघालेली हवा इंटरकूलरच्या जाळीत थंड होऊन इंजिनाकडे जाते. त्या वाटेवरच्या एका रबरी नळीचा सांधा तेलकट दिसत होता. तिथं पाणी शिंपडलं आणि भाच्याला पुन्हा रेस करायला सांगितलं. बुडबुडे आले. क्लिप सैल होऊन नळी अर्धवट सरकली होती. रेस केली की दाबानं तिची फट उघडायची.

“व्हॉल्व्ह कसला बसवता?” मेस्त्री म्हणाले. “एक भोक आहे तेच पुरे नाही का?”

श्रोतेहो, दोन पुस्तकं चाळून मला जे कळलं नव्हतं ते या वाक्यानं कळलं. मोजलेली हवा वाटेत निसटत होती, म्हणून गाडी घाटात बसली. आणि त्यावर इलाज म्हणून आम्ही मोजलेली हवा बाहेर सोडणारं आणखी एक भोक विकत घ्यायला निघालो होतो. त्यातून स्वस्तातल्या व्हॉल्व्हचं पडदं किंवा स्प्रिंग ढिली असेल तर ते चढावरही नीट मिटत नाही. म्हणजे पुन्हा तोच तोरंगण.

आपल्याकडचा तारपा तुम्ही ऐकला असेल. वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या पोटात वादक श्वास भरतो, खाली बांबूच्या नळ्या. जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे फार आनंद झाला. तारप्याचे सांधे मेणानं लिंपतात. एका सांध्याचं मेण सुटलं तर वादकानं कितीही छाती फोडली तरी सूर धरत नाही आणि नाचणाऱ्यांचा फेर अडखळतो. त्यावर भोपळ्याला आणखी एक भोक पाडा, असं सांगणारा माणूस वारली पाड्यात तरी सापडणार नाही.

डिझेलवाल्यांसाठी चार शब्द. आपल्या भागात जीप, पिकअप, वडाप सगळं डिझेल. डिझेल इंजिनात पाय काढला की डिझेल कमी होतं, हवेचं दार पेट्रोलसारखं मिटत नाही. काही नव्या डिझेल इंजिनांत एक झडप असते, पण तिचं काम निराळं. हवा अडकतच नाही, तर सोडायची कुठली? तरी डिझेलसाठी विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह विकले जातात. ते निव्वळ आवाज काढतात, आणि त्यासाठी भरलेली हवा वाया घालवतात. सायलेन्सरच्या तोंडात बसवायची ‘टर्बो सीटी’ तर टर्बो नसलेल्या गाडीलाही टर्बो करते! ती निदान प्रामाणिक आहे, खेळण्याच्या जातीची.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादांचं कलम वेगळं. विमा कंपनीला न कळवलेला बदल उद्या अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, वॉरंटी शिल्लक असेल तर तीही. तीन वर्षांचे हप्ते डोक्यावर असलेल्यानं हे आधी वाचावं.

मग हा व्हॉल्व्ह कधीच बदलू नये का? कंपनीच्या झडपेचा पडदा फाटतो, ती गळू लागते, तेव्हा बदलावीच लागते. इंजिनात फेरफार करून दाब वाढवला असेल, शर्यतीत उतरायचं असेल, तर मजबूत झडप लागते. तीही हवा आत परतवणारी घ्यावी, असं माझं मत. रस्त्यावर चालणाऱ्या, जशीच्या तशी असलेल्या गाडीला बाहेर हवा फेकणारी झडप बसवू नये. एवढं मी आता कुणालाही ठामपणे सांगेन, मराठीचा बी.ए. असूनही.

भाच्याला मी दुसरंही एक सांगितलं, जे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. विशी-बाविशीत मी माझ्या मोटरसायकलच्या सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकली होती. गावात मान वळावी म्हणून. माना वळल्या. एका रात्री आमच्या गल्लीतल्या आजारी म्हाताऱ्यानं मला बोलावून घेतलं आणि रागावला नाही, एवढंच विचारलं, “बेटा, उद्या किती वाजता जाणार आहेस? म्हणजे मी तोवर जागाच राहतो.” दुसऱ्या दिवशी मी जाळी परत बसवली. ते ऐकून भाचा हसला, पण व्हॉल्व्हचं नाव मात्र त्यानंतर त्यानं काढलं नाही.

मेस्त्रींनी नवी क्लिप आवळली. कंपनीची झडप तपासली, ती शाबूत होती. क्लिपची किंमत इतकी किरकोळ होती, की भाच्यानं ती देताना दोनदा विचारलं, “एवढीच?”

परवा रविवारी त्याच्याबरोबर नाशिकला गेलो. तोरंगणला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. वरच्या वळणाला एका बाजूला कापलेल्या दरडीची भिंत आहे, तिथं त्यानं मुद्दाम काच खाली घेतली आणि पाय काढला. भिंतीवरून अगदी बारीक काहीतरी परत आलं.

“मामू, ऐकलं का? कंपनीचीच झडप आहे!”

मला पावसाखेरीज काही ऐकू आलं नाही. पण मी मान हलवली.