जहाज पाहायला चला



आपल्या खानदेशाला तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. समुद्र मात्र नाही. म्हणून मोठे जहाज आपल्या मुलांना पुस्तकातल्या चित्रातच भेटते.

मुंबईला जुनी ‘विक्रांत’ होती. १९६१ साली नौदलात आलेली ही विमानवाहू नौका १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली. १९९७ साली ती निवृत्त झाली आणि २००१ साली तिचे संग्रहालय झाले. पुढे ती धोक्याची ठरली. २०१२ साली संग्रहालय बंद पडले आणि २०१४ साली नौका भंगारात निघाली. असे का झाले? वखराची पास पावसात पडून राहिली तर काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. इथे तर बारा महिने खारे पाणी! जहाजाचा तळ वेळोवेळी गोदीत नेऊन दुरुस्त करावा लागतो, आणि त्याला पैसा लागतो.

विशाखापट्टणमला निराळी तऱ्हा केली. ‘कुरसुरा’ पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली, तेव्हा तिला ओढून किनाऱ्यावर आणले आणि पक्क्या पायावर बसवले. २००२ पासून लोक तिच्या पोटात शिरून यंत्रे, टॉर्पेडोच्या नळ्या, खलाशांच्या झोपायच्या अरुंद फळ्या पाहतात.

गुरुजी, मोठी सहल काढाल तेव्हा हे ठिकाण ध्यानात ठेवा. पण ‘केवढी मोठी!’ एवढ्यावर मुलांना परत आणू नका. हिचा गंज कोण काढतो, रंग कोण देतो, हेही त्यांना विचारू द्या. लढाई जिंकलेली नौकासुद्धा निगा राखली नाही तर जाते, हे त्यांना तिथेच उमगेल.