सुटीच्या दिवसाची शाळा



रविवारी काय करता, असे एखाद्या मास्तरला विचारले की तो बहुधा सांगतो, "आठवड्याची तुंबलेली कामे." मीही त्यांतलाच. सोलापुरात राहतो, महाविद्यालयात मराठी शिकवतो, चाळिशी केव्हाच ओलांडली आहे. आमच्या घरी एक करार आहे : सहा दिवस स्वयंपाकघर सौभाग्यवतींकडे, रविवारी माझ्याकडे. शिवाय दळण आहे, मंडई आहे, मोती नावाचा कुत्रा आहे आणि मनी नावाची मांजर आहे. या सगळ्यात दोन वर्षांपूर्वी मी आणखी एक भर घातली. मी कानडी शिकू लागलो.

"या वयात कशाला हा उपद्व्याप?" असे पुष्कळांनी विचारले. कारण साधे होते. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे आमच्या सोलापूरचे दैवत. तळ्यातल्या त्यांच्या देवळाला मी लहानपणापासून जातो. त्यांची वचने मात्र कानडीत आहेत. ज्याच्या यात्रेला आपण हौसेने जातो, त्याचे एक वाक्य आपल्याला वाचता येऊ नये, याची लाज वाटली. म्हणून बालबोध पुस्तक आणले.

पुस्तक आणले खरे, पण वेळ कुठून आणायचा? मोकळा वेळ मिळाला की अभ्यास करू, असे म्हणत सहा महिने गेले. मग ध्यानात आले की मोकळा वेळ म्हणून काही नसतोच. तेव्हा कामातच अभ्यास मिसळला. सकाळी मोतीला फिरवून आणतो आणि दळणाचा डबा सायकलला लावतो. गिरणीत रांग असते. पूर्वी मी तिथे चुळबुळ करीत असे, आता खिशातून वही काढतो. दळण होईपर्यंत दहा शब्द. घरी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : मिठावर 'उप्पु', डाळीवर 'बेळे', तांदळावर 'अक्कि', ज्वारीवर 'जोळ'. तुपाच्या बरणीवर 'तुप्प' लिहिताना हसू आले. तूप आणि तुप्प, यात परके ते काय? आपल्या घरातले अण्णा आणि अक्कासुद्धा तिकडे अण्ण आणि अक्क होऊन नांदताहेत. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "चिठ्ठी वाचून मीठ घालू नका, चव घेऊन घाला."

एका रविवारी भात शिजत लावला आणि क्रियापदे घेऊन बसलो. तो आला, 'बंदनु'. ती आली, 'बंदळु'. ते आले, 'बंतु'. एवढ्यात दारातून मोती आला आणि त्याच्यामागून मनी आली. म्हटले, चला, उदाहरणे पायांनी चालत आली! मराठीत आपण म्हणणार, कुत्रा आला, मांजर आली. कानडीत मात्र 'नायि बंतु', 'बेक्कु बंतु'. दोघांनाही एकच रूप. पुस्तकात पाहिले तर नियम असा, की माणसांत पुरुष तो पुल्लिंगी आणि बाई ती स्त्रीलिंगी. जनावर, झाड, घर, विहीर ही सगळी नपुंसकलिंगी. आणि आपले माझा, माझी, माझे? या तिन्हींना मिळून एकच शब्द, 'नन्न'. 'नन्न शाले' म्हणजे माझी शाळा, 'नन्न मने' म्हणजे माझे घर, 'नन्न ऊरु' म्हणजे माझे गाव. 'नन्न' काही बदलत नाही.

तेवढ्यात भात करपल्याचा वास आला. उठून पातेले उतरवले. पण मला झोंबत होते ते दुसरेच काहीतरी.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा माझ्या वर्गात होता. घरी कानडी बोलणारा. त्याने गावावर निबंध लिहिला होता. त्यात 'माझा शाळा' होती, 'आमचा विहीर' होती, 'मोठी झाड' होते. मी ती वाक्ये वर्गात वाचून दाखवली. मुले हसली. खरे सांगायचे तर मीही हसलो. वर म्हणालो, "अरे, बारावी झालास आणि विहीर बाई की बुवा हे अजून कळत नाही तुला?" तो काही बोलला नाही. त्या वर्षात त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही, आणि पुढच्या वर्षी तो वर्गात दिसलाच नाही. कारण दुसरेही असेल, शेतीचे असेल, पैशाचे असेल. मी चौकशी केली नाही, हे मात्र माझेच.

करपलेल्या भातापुढे बसून मला उमगले की त्या मुलाच्या चुका निष्काळजीपणाच्या नव्हत्या. विहिरीला बाई किंवा बुवा मानायची त्याच्या भाषेची रीतच नाही. तो आपल्या घरच्या नियमाने चालला होता. तो नियम मला ठाऊक नव्हता.

पुढच्याच रविवारी मंडईत गेलो. कांद्याच्या पाटीजवळ बसलेल्या मावशी आपसात कानडी बोलत होत्या. मी धीर करून विचारले, "ईरुळ्ळि एष्टु?" म्हणजे कांदा कसा दिला? मावशी पदर तोंडाला लावून हसल्या, शेजारची बाईही हसली. माझे कान तापले. वाटले, पाटी तिथेच सोडून निघून जावे. पंचेचाळिशीच्या माणसाला असे वाटले, तर अठरा वर्षांच्या पोराला काय वाटले असेल?

पण मावशी म्हणाल्या, "मास्तर, ते बेंगळूरकडचं झालं. आमच्यात उळ्ळागड्डी म्हणत्यात. आता म्हणा बघू."

मी म्हटले. "बरोबर!" असे म्हणून त्यांनी तागडीत एक कांदा जास्तीचा टाकला.

त्या हसल्या, तसा मीही वर्गात हसलो होतो. फरक एवढाच की हसून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलायला लावले. मी त्या मुलाला गप्प बसवले होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून हे सांगायचे धाडस करतो. आपल्या वर्गात कुठे कानडी बोलणारी मुले असतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी, नंदुरबारकडे भिली, खानदेशात अहिराणी. त्यांची भाषा आपल्याला पुरती यावी, असे नव्हे. आठवड्याला दहा शब्द पुरेत. 'माझे-तुझे' तिकडे कसे चालते, 'आला-आली' कसे होते, एवढे तरी त्या मुलांनाच विचारावे. शिकवण्याचा मान एखाद्या दिवशी त्यांनाही मिळू द्यावा.

आता माझ्या वर्गात 'माझा शाळा' आली, की मी विचारतो, "तुमच्या घरी हे कसं म्हणतात?" फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहितो. मुले हसतात अजूनही, पण बहुधा माझ्या उच्चारांना. कानडीत ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, तो फरक माझ्या जिभेला अजून साधत नाही. एखादे मूल पाठीमागून दुरुस्त करते. मी पुन्हा म्हणतो.

सिद्धरामेश्वरांच्या वचनापर्यंत अजून पोचायचे आहे. रविवारचा भातही अधूनमधून लागतोच. मोतीला मात्र 'बा' म्हटले की 'ये' हे कळू लागले आहे. मनीला कोणत्याही भाषेत बोलवा, ती दुधाची वेळ झाल्यावरच येते.