टायर बघा, कागद नंतर
(रेडिओवरील भाषण)

मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे वाहनांच्या नियमित तपासणीचा. तिच्यावर चालकाचा जो पैसा जातो, तो वसूल होतो का? उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला उठावं लागलं तरी चुकायला नको. तपासणी खरी असेल तर पैसा वसूल होतो. आणि खरी तपासणी म्हणजे आधी टायर आणि ब्रेक, बाकी सगळं त्यानंतर. टायर आणि ब्रेक. हे दोन शब्द आज माझ्या तोंडून पुन्हापुन्हा येणार आहेत, कंटाळू नका.

मी बंगळुरूत राहतो. या शहरात नोंदलेल्या गाड्यांचा आकडा एक कोटीच्या वर गेला आहे. सिल्क बोर्डचा चौक, हेब्बाळचा उड्डाणपूल ही नावं वाहतूक कोंडीच्या बातम्यांत तुम्हीही ऐकली असतील. आठवडाभर इथली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. त्या वेगाला टायर कडक झालेला असला तरी गाडी थांबते, ब्रेक मऊ लागत असला तरी थांबते. मालकाला वाटतं, गाडी ठणठणीत आहे. मग गणपती येतात, दिवाळी येते, आणि आमच्या इथल्या मराठी घरांतली तीच गाडी पहाटे तुमकूर रोडला लागते. चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी. संध्याकाळी कोल्हापूर, रात्री उशिरा पुणं. मागच्या सीटवर आजी आणि नातवंडं, डिकी गच्च भरलेली, आणि काटा शंभरावर. वर्षभर ज्या टायरांना कुणी हात लावून पाहिलं नाही, त्यांच्या जिवावर एका दिवसात आठशेहून जास्त किलोमीटर. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. यलो बोर्डची गाडी, म्हणजे टॅक्सी, रिक्षा, ट्रक, बस, हिचं पासिंग, म्हणजे सक्तीची तपासणी, करून घ्यावं लागतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आपल्या घरच्या व्हाइट बोर्ड गाडीची नोंदणी मात्र एकदम 15 वर्षांची. त्या 15 वर्षांत सरकार पीयूसीसाठी तिचा धूर तपासतं. टायर कोणी बघत नाही, ब्रेक कोणी बघत नाही.

घरातल्या प्रेशर कुकरचं उदाहरण घेतो, कारण तो सगळ्यांकडे आहे. कुकरची शिट्टी होते, ती आपल्याला ऐकू येते, आणि शिट्टी होतेय म्हणजे कुकर चांगला आहे असं आपण धरून चालतो. पण घरातली बाई तेवढ्यावर थांबत नाही. ती रिंग हातात घेऊन ताणून बघते. रबर कडक झालं, चिरा पडल्या, की वाफ बाजूनं सुटायच्या आत ती नवी रिंग आणते. त्यासाठी कायदा लागत नाही, कुणी दंड करत नाही. आणि झाकणावरचा तो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह? तो रोजच्या स्वयंपाकात काहीच काम करत नाही. शिट्टी अडकली, आत दाब वाढला, तर त्या एका क्षणी तो वितळून वाफेला वाट देतो. तो गेलेला असेल तर भात तरीही शिजतो, वरणही शिजतं, महिनोन्‌महिने काही कळत नाही. आता गाडी बघा. पीयूसी म्हणजे शिट्टी: बाहेर काय येतंय ते सांगते. टायर म्हणजे रिंग: रबर वापरानं झिजतं तसं नुसत्या वयानंही कडक होतं. आणि ब्रेक ऑइल म्हणजे तो व्हॉल्व्ह. ते हवेतला ओलावा शोषत राहतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. शहरात जुन्या ऑइलवर काम भागतं. घाटात ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि पेडल सरळ खाली जातं. कुकरची रिंग वेळेवर बदलणारं घर चाळीस-पन्नास हजारांच्या टायरांपुढे डोळे का मिटतं? बरं, चाळीस-पन्नास हजार म्हटल्यावर याचं उत्तर प्रश्नातच आलं. पण त्याकडे नंतर येतो.

आमच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये शेजारच्या गृहस्थांची गाडी उभी असते. चालणं फार कमी. सर्व्हिसिंग वेळेवर, विमा भरलेला, पीयूसी ताजं. मी सहज वाकून टायर पाहिला. नक्षी खोल होती, वरून बघणारा म्हणेल नवाच आहे. पण बाजूच्या भिंतीवर, रिमच्या जवळ, केसाएवढ्या बारीक चिरा गोल फिरल्या होत्या. नख दाबलं तर रुतेना. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, ते होते 1116. म्हणजे 2016 सालच्या अकराव्या आठवड्यात तयार झालेला टायर. त्यांना दाखवल्यावर ते म्हणाले, अहो, पण गाडी चाललीच कुठे आहे? हाच गैरसमज, श्रोतेहो. न चाललेल्या गाडीचा टायरही म्हातारा होतो. त्यांनी चारही टायर बदलले. स्टेपनी मात्र ते विसरणार होते, आणि ती त्याच वयाची होती.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी प्रामाणिक नाही. सक्तीच्या तपासणीनं अपघात कमी होतात का, यावर जगात वाद आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं 2010 मध्ये खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले, तेव्हा गाडीतल्या बिघाडामुळे होणारे अपघात वाढलेले दिसले नाहीत. टेक्सासनंही 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची सुरक्षा-तपासणी थांबवली, पण साडेसात डॉलरची फी ठेवली. नॉर्वेतल्या अभ्यासात असं दिसलं की तपासणीमुळे गाड्यांतले दोष कमी होतात, पण अपघात कमी झाल्याचं दाखवता येत नाही. उलट ब्रिटननं 1960 मध्ये सुरू केलेली एमओटी चाचणी आजही चालू आहे. आधी ती दहा वर्षांच्या गाड्यांना होती, 1967 पासून तीन वर्षांच्या गाडीलाही लागू झाली, आणि मोटारीला तिची फी जास्तीत जास्त 55 पौंडांच्या आसपास आहे. जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी आहे.

हे सगळं मी मान्य करतो. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक वेगानं गेली. तपासणी हे त्यावरचं औषध आहे असं कुणी विकू लागलं तर विकत घेऊ नका. पुण्यात नवले पुलाजवळ, याच पुणे-बंगळुरू महामार्गावर, 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड वाहनानं 48 गाड्यांना ठोकरलं. आधी सगळे म्हणाले, ब्रेक फेल. प्राथमिक तपासात निघालं ते वेगळंच: उतारावर डिझेल वाचवण्यासाठी चालकानं इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे गिअरचा रोध गेला, ब्रेकसाठी हवा भरणंही थांबलं, आणि ब्रेक असून नसल्यासारखे झाले. कुठलंही पासिंग हा अपघात थांबवू शकलं नसतं.

तरीही मी तपासणीच्या बाजूनं का बोलतो? परदेशातले निष्कर्ष परदेशातल्या गाड्यांचे आहेत. आपल्याकडे गुळगुळीत टायर पुन्हा खोबणी पाडून विकला जातो, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर रात्री महामार्गावर येतो. इथे कमी व्हायला दोष शिल्लकच पुष्कळ आहेत. समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 2023 मध्ये आरटीओनं प्रवेशावरच टायर बघायला सुरुवात केली आणि खराब टायरच्या गाड्या परत पाठवल्या. फी नाही, फॉर्म नाही, एजंट नाही. अधिकारी वाकतो, टायर बघतो, जा म्हणतो किंवा परत पाठवतो. मला हवी आहे ती तपासणी ही. टायर आणि ब्रेक, आणि नापास करण्याची हिंमत. ज्या तपासणीत कुणी नापासच होत नाही, तिचा एक रुपयाही वसूल होत नाही.

पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि संध्याकाळी जुने परत लावायचे, हे गॅरेजवाल्यांना विचारा, ते सांगतील. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी याच विषयावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली. ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक हवा, गाडी चालवून न बघता प्रमाणपत्र देऊ नका, इथपर्यंत न्यायालयाला सांगावं लागलं. आता यंत्रावर तपासणारी केंद्रं येत आहेत. यंत्र ओळख बघत नाही, म्हणून मला त्यांच्याकडून आशा आहे. मात्र यंत्राच्या शेजारी बसलेल्या माणसावर कुणाची नजर राहणार, हा एक मोठा विषय... तो आज होणार नाही.

खर्चाकडे येतो, मिनिटं संपत आली. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांच्या मोटारीची नोंदणी नव्यानं करायची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, मोटरसायकलची 300 वरून 1,000. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारीसाठी ती 10,000 केली. या फीचा हेतू जुन्या गाड्या रस्त्यावरून काढणं हा आहे, टायर बघणं हा नाही. मला वाटतं, तपासणी स्वस्त असावी आणि लवकर असावी. तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी, मग दरवर्षी. पाचशे रुपये म्हणजे आजच्या भावानं पाच लिटरही पेट्रोल येत नाही. तेवढं घ्या, अर्ध्या तासात सोडा आणि खरं बघा. गाडीवाल्याला पाचशे रुपये जड नाहीत. त्याला जड जातो तो वाया गेलेला दिवस.

रिक्षावाल्यांचं तर फारच वेगळं आहे. पासिंगचा दिवस म्हणजे त्यांची दिवसाची कमाई गेली. पासिंगला उशीर झाल्यास रोज 50 रुपये दंड, त्यावर 2024 मध्ये महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो थांबवावा लागला. त्यांच्यासाठी रात्रीची तपासणी का नसावी, असं मला सविस्तर मांडायचं होतं, पण समोरून हात वर झाला आहे.

टायरांच्या चाळीस-पन्नास हजारांचं उत्तर राहिलं. एकदम जमत नसेल तर दोन-दोन बदला, पण स्टेपनी धरून बदला. नक्षीच्या खोबणीत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्याशी सपाट झालं की मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली, टायर संपला. मग तो चार हजार किलोमीटर आणखी चालेल असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दिवाळीला गावी निघणारी मंडळी, बंगळुरूतली असोत की मुंबई-नाशिकची, तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो: निघायच्या आधीच्या रविवारी खाली जा, वाका, पाचही टायरांवरचे चार आकडे वाचा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते गॅरेजवाल्याला फोन करून विचारा. आणि त्याला ते आठवत नसेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.